मॅकिंटॉशची घरं आणि ग्लासगोचा पाऊस

माझा धंदा वॉटरप्रूफिंगचा. गच्च्या, बेसमेंट, पाण्याच्या टाक्या, आणि जून लागला की "साहेब, बेडरूमच्या भिंतीला ओल आलीय" असे दिवसभर फोन. त्यामुळे ऐन जूनमध्ये पुणं सोडायचं म्हणजे गिऱ्हाइकांची बोलणी खायची तयारी ठेवूनच. पण लेक ग्लासगोला शिकतेय, तिचे पेपर नुकतेच संपले होते आणि तिने मला बरोबर गळाला लावलं. "बाबा, इथे एक घर आहे. बांधलं तेव्हापासून भिंतीत पाणी मुरतंय. जगभरातून लोक ते बघायला येतात." मी त्याच रात्री तिकिटं काढली.

ते घर म्हणजे हिल हाउस, आर्किटेक्ट चार्ल्स रेनी मॅकिंटॉशने डिझाइन केलेलं. जन्म 1868, ग्लासगोचा, आणि या शहराच्या अंगाखांद्यावर सगळीकडे दिसणारा माणूस. पाठीची उंचच उंच खुर्ची आणि काळ्या रेघांमधला गोल गुलाब पाहिलात की समजा तोच. (रेनकोटवाला मॅकिंटॉश वेगळा, तोही ग्लासगोचाच. दोन कापडांमध्ये रबर भरून पाणी अडवणारा तो रसायनवाला चार्ल्स. एकाच गावच्या दोन चार्ल्सपैकी एकाने पाऊस अडवला, दुसऱ्याच्या घरात तो शिरला.)

पहिला दिवस: सॉकीहॉल स्ट्रीटवरचा चहा

लेकीचं बिऱ्हाड पार्टिकमध्ये, लाल दगडाच्या जुन्या चार मजली इमारतीत. खालच्या बोळकांडीच्या भिंतींना कमरेपर्यंत हिरव्या चकचकीत टाइल्स. बायकोला त्या इतक्या आवडल्या की सामान वर न्यायच्या आधी तिने त्यांचे फोटो काढले. बाहेर पाऊस म्हणावा असा नव्हता. नुसता ओला धूर हवेत लटकलेला. छत्री उघडायची लाज वाटते आणि दहा मिनिटांत शर्ट भिजतो.

दुपारी सॉकीहॉल स्ट्रीट. रस्त्याची सध्याची कळा बेताचीच. बंद दुकानं, खोदकाम, स्वस्तातले फोन विकणारे. आणि मध्येच 217 नंबरला एक पांढरा, गुळगुळीत, किंचित बाकदार दर्शनी भाग, बारीक चौकोनी काचांच्या खिडक्यांचा. हे विलो टी रूम्स. 1903 साली मिस केट क्रॅन्स्टन या बाईंनी उघडलेलं. तेव्हा शहरात दारूविरोधी चळवळ जोरात होती आणि दारूच्या गुत्त्याला पर्याय म्हणून चहाची घरं निघाली. एकट्यादुकट्या बाईला कोणाची नजर न झेलता तास-दीड तास बसता येईल अशी ती जागा. क्रॅन्स्टनबाईंची शहरात चार टी रूम्स होती आणि चारही ठिकाणी मॅकिंटॉशने काही ना काही केलं, पण दर्शनी भागापासून चमच्यापर्यंत सगळं त्याच्या हाती दिलं ते फक्त इथे.

मधल्या काळात या जागेचं दुकान झालं होतं. मग मोठी डागडुजी होऊन 2018 मध्ये ती पुन्हा उघडली आणि आता नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. खाली पुढे पांढरी खोली, मागे गडद लाकडाची, वर सज्जा. पण ज्यासाठी यायचं ती पहिल्या मजल्यावरची सालों द लुक्स ही थाटाची खोली. शिसं आणि रंगीत काचेचा दुहेरी दरवाजा, चंदेरी उंच खुर्च्या, जांभळं कापड, भिंतीवर डोक्याच्या उंचीला आरशांची पट्टी. बसल्यावर त्या खुर्चीची गंमत कळते. पाठ इतकी उंच की शेजारच्या टेबलावरचं कोणी दिसत नाही. खोलीत खोली. मात्र पाठीला आराम शून्य. बायको पाचव्या मिनिटाला पुढे सरकून बसली ती शेवटपर्यंत.

आम्ही शाकाहारी आफ्टरनून टी सांगितला होता. तीन मजली ताटात खाली सँडविचं, मध्ये स्कोन, वर गोड. काकडीच्या सँडविचबद्दल मी काही बोलत नाही. स्कोन मात्र गरम होते, वर घट्ट साय आणि रासबेरीचा जॅम. चहा आणणारी मुलगी आमच्या लेकीएवढीच. आम्ही भारतातले कळल्यावर म्हणाली, चहा नीट झालाय का ते तुम्हीच सांगा. बायकोने खरं ते सांगितलं: पाणी उकळायला हवं होतं. मुलगी हसली आणि दुसरी किटली घेऊन आली.

*जाणाऱ्यांसाठी:* वरच्या खोलीत बसायचं असेल तर आधी बुकिंग करा आणि तेव्हाच शाकाहारी असल्याचं कळवा. नुसतं खाली बसायचं असेल तर अनेकदा थेट गेलं तरी जागा मिळते. गिफ्ट शॉपमध्ये काळ्या रेघा आणि गुलाब असलेलं काहीही मॅकिंटॉशच्या नावाने विकतात. ग्लासगोकर अशा मालाला मॉकिंटॉश म्हणतात (मॉक म्हणजे नकली).

तिथून मागच्या गल्लीने रेनफ्रू स्ट्रीटचा चढ चढलो. चढ म्हणजे खरंच चढ, सिंहगडाची आठवण आली नाही तरी गुडघ्यांची आली. वर ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट. मॅकिंटॉशची सर्वांत मोठी इमारत, 1897 ते 1899 मध्ये अर्धी आणि पैसे जमल्यावर 1907 ते 1909 मध्ये उरलेली बांधलेली. दिसतं काय? परांची, पत्रे आणि कापड.

2014 साली मे महिन्यात पहिली आग लागली. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाची तयारी चालू होती. फुगणाऱ्या फोमच्या डब्यातून निघालेला गॅस तापलेल्या प्रोजेक्टरला लागला आणि पेटला. हा फोम माझ्या साइटवर रोज वापरतात. डब्यावर ज्वलनशीलचं चिन्ह असतं, पोरं तिकडे बघतही नाहीत. त्या आगीत पश्चिमेच्या बाजूचं लाकडी ग्रंथालय गेलं, जे बघायला वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आयुष्यभर पैसे साठवायचे. दुरुस्ती संपत आली असताना 15 जून 2018 च्या रात्री दुसरी आग लागली आणि जवळजवळ सगळंच गेलं. त्या आगीचं कारण तपासातही निश्चित झालं नाही, पुरावाच जळाला होता. आम्ही कापडाच्या फटीतून दिसणारा दगड बघत उभे होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन थांबले. ते त्या रात्री याच चढावर उभे होते. म्हणाले, आजूबाजूला मोठी माणसं रडत होती, आणि हे शहर इमारतींसाठी रडणारं नाही.

दुसरा दिवस: हवेत लटकलेला दरवाजा

सकाळी लख्ख ऊन. ग्लासगोकर ऊन पडलं की सुट्टी असल्यासारखे वागतात. केल्विनग्रोव्ह पार्कच्या हिरवळीवर साडेदहालाच लोक उघड्या अंगाने पसरले होते आणि तापमान होतं 17.

विद्यापीठाच्या हंटेरियन आर्ट गॅलरीला लागून काँक्रीटचा एक मोठा ठोकळा आहे आणि त्याच्या भिंतीत, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, एक दरवाजा. पायऱ्या नाहीत, काही नाही. मॅकिंटॉश आणि त्याची बायको मार्गारेट मॅक्डोनाल्ड 1906 ते 1914 जिथे राहिले त्या घराचा हा मुख्य दरवाजा. मूळ घर शेजारीच होतं, 1963 मध्ये पाडलं. पाडायच्या आधी आतलं सगळं सुटं करून ठेवलं आणि 1981 मध्ये या काँक्रीटच्या खोक्यात पुन्हा उभं केलं. खोल्यांचा क्रम तोच, दिशा त्याच, म्हणून उजेडही तसाच येतो. जमिनीची पातळी तेवढी जुळली नाही, त्यामुळे दरवाजा अधांतरी.

आत जेवणघर गडद. भिंतींवर करडा-तपकिरी जाड कागद, त्यावर स्टेन्सिलचे गुलाब, उंच खुर्च्या. दुपारी बारालाही दिवा लागावा असं. मग जिना चढून वर जायचं, आणि वरचा दिवाणखाना पूर्ण पांढरा. भिंती पांढऱ्या, कपाटं पांढरी, पडद्यांतून येणारा उजेडही दुधाळ. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या शहरात, ज्या काळी लोक घर लाल-तपकिरी मखमलीने भरत होते, त्या काळी या दोघांनी पांढरा दिवाणखाना केला. "धुणार कोण होतं?" ही बायकोची प्रतिक्रिया. तिथल्या स्वयंसेविकेला लेकीने भाषांतर करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, हा प्रश्न इथे येणारी प्रत्येक बाई विचारते, पुरुष एकही नाही.

मला तिथली कपाटांची दारं बघायला सोडलं असतं तर मी दिवसभर बसलो असतो. इनॅमल रंग इतका सपाट की ब्रशचा एक माग नाही. आपल्याकडे असा हात असलेला रंगारी आज शोधून सापडणार नाही.

दुपारी केल्विनग्रोव्ह म्युझियम. एक वाजता पोहोचा, मधल्या दालनात ऑर्गन वाजवतात, ऐकायला पैसे नाहीत. मॅकिंटॉशच्या दालनात आमचा जास्त वेळ मार्गारेटपाशी गेला. तिचे जेसोचे फलक आहेत. गोणपाटावर पांढरा लेप, त्यात सुतळी वळवून बसवलेल्या आकृत्या, मध्ये काचेचे मणी. अगदी जवळ जाऊन पाहिलं तर सुतळीचा पीळ दिसतो. विलो टी रूम्ससाठी केलेला मूळ फलक इथे आहे, तिथे लावलाय तो नवीन केलेला. नवीन पाहिला तेव्हा ठीक वाटला होता. मूळ पाहिल्यावर कळलं की नव्यात सगळं आहे, हात नाही. माझ्या वास्तुकामात अर्धा, किंबहुना पाऊण वाटा तुझा आहे, असं मॅकिंटॉशने तिला पत्रात लिहिलं होतं. पाट्यांवर मात्र अजून बऱ्याच ठिकाणी त्याचंच नाव मोठं.

*जाणाऱ्यांसाठी:* मॅकिंटॉश हाउसला एका वेळी मोजकेच लोक सोडतात आणि सोमवारी बंद असायची शक्यता असते. वेळा बघून जा. सबवेचं हिलहेड स्टेशन जवळ. सबवे म्हणजे पंधरा स्टेशनांचं एक वर्तुळ, उलट्या दिशेच्या गाडीत बसलात तरी थोड्या वेळाने पोहोचताच.

तिसरा दिवस: हिल हाउस

क्वीन स्ट्रीट स्टेशनच्या खालच्या फलाटावरून हेलन्सबराची गाडी, पाऊण तासाच्या आसपास. डाव्या हाताला क्लाइड नदी रुंद होत होत खाडी होते. स्टेशनपासून घरापर्यंत सरळ चढाचा रस्ता, दोन्हीकडे बंगले, ऱ्होडोडेंड्रॉनची जांभळी कुंपणं. अर्ध्या तासाची चाल. पाऊस आडवा येत होता. छत्री उलटी झाल्यावर आम्ही ती मिटली.

आणि मग झाडांच्या वर ते दिसलं. घर नव्हे, घरावरचं घर. पोलादी खांबांचा प्रचंड सांगाडा, वर छप्पर, चारी बाजूंना स्टीलच्या बारीक कड्यांची जाळी. जुन्या योद्ध्यांच्या चिलखताची असते तशी. कड्या तीन कोटींच्या वर. कारमोडी ग्रोर्क या लंडनच्या फर्मचं डिझाइन, 2019 मध्ये खुलं झालं. इथे सगळे त्याला नुसतं बॉक्स म्हणतात. पाऊस जाळीवर अडतो, वारा आरपार जातो, भिंती हळूहळू सुकतात. जाळी खाली मोकळी, मधमाश्या आणि पाखरं आतबाहेर करत होती. कोकणात मे अखेरीला पश्चिमेच्या पडवीला झापं बांधतात ना, तेच काम. फक्त हे झाप सगळ्या बंगल्याला, माथ्यासकट, आणि कित्येक वर्षांसाठी.

घराचा मालक वॉल्टर ब्लॅकी, प्रकाशक. आपल्याकडे जुन्या पुस्तकांच्या ढिगात ब्लॅकी अँड सनची इंग्रजी क्रमिक पुस्तकं अजून मिळतात, पहिल्या पानावर लंडन, ग्लासगोसोबत बॉम्बे छापलेलं. तेच हे ब्लॅकी. 1902 मध्ये काम सुरू झालं, 1904 मध्ये कुटुंब राहायला आलं. ब्लॅकींनी आर्किटेक्टला आधीच बजावलं होतं: विटा-लाकडाची नक्षी आणि लाल कौलं नकोत, भिंती करड्या रफकास्टच्या (खडी मिसळलेल्या खरबरीत गिलाव्याच्या) आणि छप्पर स्लेटचं हवं. मॅकिंटॉशने काय केलं असेल, तर प्लॅन दाखवायच्या आधी ब्लॅकींच्या घरी जाऊन हे कुटुंब राहतं कसं ते पाहिलं. आमच्या लायनीत असं करणारा आर्किटेक्ट मला आजवर भेटलेला नाही.

बॉक्सच्या आत जिने आणि पुलांसारख्या वाटा आहेत, घराच्या चहूबाजूंनी आणि थेट छपरावरून. बायको आणि लेक पुढे गेल्या, मी अडकलो. पॅरापेटच्या, म्हणजे छपराच्या कडेच्या भिंतीच्या, डोक्याशी माझं डोकं, हाताच्या अंतरावर. अशी संधी परांची बांधल्याशिवाय मिळत नाही. आणि तिथे सगळा आजार उघडा पडलेला होता. कुठल्याही भिंतीचा माथा हा सर्वांत नाजूक भाग. तिथे दगडाचं कोपिंग बसवतात, दोन्हीकडे थोडं बाहेर काढतात, म्हणजे पाणी भिंतीपासून लांब पडतं. मॅकिंटॉशला भिंत एकसंध हवी होती, एखाद्या ओबडधोबड शिळेतून कोरल्यासारखी. म्हणून त्याने बऱ्याच माथ्यांना कोपिंग न लावता रफकास्टच वरून फिरवलं. आणि ते रफकास्ट चुन्याचं नाही, तेव्हा नवं असलेल्या पोर्टलंड सिमेंटचं. चुन्याचा गिलावा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंट कडक, त्याला केसाएवढ्या चिरा पडतात, चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. भिंतीचा स्पंज होतो. क्षाराच्या पांढऱ्या रेघा, काळपट पट्टे, ठोकलं तर पोकळ वाजेल असा फुगवटा, सगळं समोर होतं. पुण्यात वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा मारून लोक हाच उद्योग करतात, आणि मग मला फोन येतो.

मी तिथल्या मार्गदर्शक बाईंना विचारलं, सिमेंट काढून चुना का लावत नाही? त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं: "मग ते मॅकिंटॉशचं घर राहील का?" त्याला हवा असलेला करडा, सपाट, धारदार पृष्ठभाग सिमेंटचाच आहे. तो उतरवायचा म्हणजे त्याचं डिझाइन उतरवायचं, ठेवायचा म्हणजे घर विरघळू द्यायचं. पेपरात आपण वाचतो तेव्हा असे वाद हौशी लोकांचे वाटतात. तिथे उभं राहिल्यावर मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. त्यांना मी एवढंच म्हटलं की माथ्यांना शिशाचं पातळ आवरण मी तरी पहिल्या दिवशी लावलं असतं, खालून कोणाला दिसलंही नसतं. त्या म्हणाल्या, इंजिनिअर आले की हेच बोलतात.

आत शिरलो आणि माझा त्याच्यावरचा राग निम्मा उतरला. प्रवेशाचा हॉल अंधारा, गडद पाइनच्या उभ्या पट्ट्या, मध्ये जांभळट-गुलाबी काचेचे चौकोनी दिवे. तिथून दिवाणखान्यात पाऊल टाकलं की पांढरं. भिंतीवर फिकट गुलाब, आणि एका बाजूला बाहेर काढलेली खिडकी, तिच्यात बसायची बैठक. बागेपलीकडे क्लाइडची खाडी दिसावी म्हणून ती केलेली. आता मध्ये जाळी आहे, पण नजर थोड्या वेळाने ती विसरते. फायरप्लेसच्या वर मार्गारेटचा झोपलेल्या राजकन्येचा फलक. याच खोलीत हिवाळ्यासाठी शेगडीजवळचा कोपरा, पियानोसाठी वेगळा खळगा आणि उन्हाळ्यासाठी खिडकी, अशी ऋतूंप्रमाणे बसायची सोय. भिंत एकही नाही, छताच्या उंचीतल्या फरकाने त्याने खोलीचे भाग पाडलेत.

झोपायच्या खोलीत शिडीसारख्या पाठीची एक काळी खुर्ची आहे. बसायला नाहीच ती. पांढऱ्या खोलीत काळी रेघ हवी म्हणून ठेवलेली.

बाहेर कॅफेत कलन स्किंक मिळालं. धुरावलेला मासा, बटाटा, दूध. भिजून आल्यावर याहून चांगलं काही नाही. (मी शाकाहारी घरात आहे, प्रवासात नाही.) बायकोने मसुराचं सूप घेतलं आणि त्यात पर्समधली लसणीची चटणी घातली.

*जाणाऱ्यांसाठी:* हिल हाउस हिवाळ्यात बहुतेक बंद असतं. छपरावरच्या वाटा जाळीच्या आहेत, टाचांचे बूट घालू नका. वेस्ट हायलंडची गाडी हेलन्सबरा अपरला थांबते, तिथून चढ बराच कमी होतो, पण त्या गाड्या मोजक्याच.

चौथा दिवस: मेल्यानंतर बांधलेलं घर

बेलाह्यूस्टन पार्कमधलं हाउस फॉर अ‍ॅन आर्ट लव्हर. 1901 मध्ये एका जर्मन मासिकाने कलाप्रेमी माणसाच्या घराची स्पर्धा लावली होती. मॅकिंटॉशने प्रवेशिका पाठवली, आतल्या दृश्यांची आवश्यक चित्रं वेळेत गेली नाहीत, स्पर्धेतून बाद. तरी कामाचं कौतुक म्हणून खास बक्षीस मिळालं. त्या कागदांवरून हे घर 1989 मध्ये बांधायला घेतलं आणि 1996 मध्ये उघडलं.

खरं सांगायचं तर मला नाही भिडलं. संगीताची खोली सुंदर आहे, उंच खिडक्यांची रांग आणि पियानोवर मोराच्या दिमाखाचं छत. पण या घरात कधी कोणी राहिलं नाही, ते जाणवतं. काठ फारच स्वच्छ. आम्ही गेलो त्या दिवशी संध्याकाळी लग्न होतं, फुलवाले आणि खुर्च्यावाले मागच्या दाराने ये-जा करत होते. बायको त्यातच रमली आणि मांडवाचा खर्च किती ते विचारून आली.

परतीच्या वाटेवर मॅकिंटॉशचीच स्कॉटलंड स्ट्रीट स्कूल बाहेरून पाहिली. शील्ड्स रोड स्टेशनच्या समोरच. दोन्ही टोकांना अर्धगोल काचेचे जिने, 1906 सालच्या सरकारी शाळेला. बजेटवरून स्कूल बोर्डाशी त्याची भांडणं झाली. त्यानंतर शहरात त्याला मोठं नवीन काम फारसं मिळालंच नाही. 1914 मध्ये ग्लासगो सोडलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर चित्रं काढत राहिला तर युद्धाच्या दिवसांत लोकांनी हेर म्हणून संशय घेतला. पुढे फ्रान्सच्या दक्षिणेला जलरंग, 1928 मध्ये लंडनला मृत्यू. मार्गारेट 1933 मध्ये गेली तेव्हा दोघांच्या स्टुडिओतल्या सगळ्या चीजवस्तूंची किंमत 88 पौंडांच्या आसपास लावली गेली.

निघायच्या सकाळी: क्वीन्स क्रॉस

विमान संध्याकाळी, म्हणून गार्सक्यूब रोडवरचं त्याचं चर्च. त्याने डिझाइन केलेल्यांपैकी बांधलं गेलेलं हे एकच, 1899 चं. आता मॅकिंटॉश सोसायटीकडे आहे. आजूबाजूला गोदामं आणि नव्या चाळवजा इमारती. आत लाकडी गोलाई असलेलं छत, आणि ते दोन्हीकडे पसरू नये म्हणून आरपार टाकलेले पोलादी बीम, झाकायचा प्रयत्नच नाही. चर्चमध्ये उघडं लोखंड, त्या काळात! खिडकीच्या काचेत निळ्या रंगाचं एक हृदय. व्यासपीठाच्या लाकडावर बिया आणि पक्ष्यांचं कोरीवकाम, हात फिरवावासा वाटतो.

आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं. दाराशी बसलेल्या आजोबांनी माझा धंदा ऐकून मला थेट मागच्या कोपऱ्यात नेलं आणि छताकडे बोट दाखवलं. ओलीचा डाग. मी वीस मिनिटं मान वर करून उभा, नंतर बाहेर जाऊन पन्हळ बघून आलो. पानं अडकून तुंबलेली होती. डिझाइनचा काही दोष नाही, शिडी लावून साफ करा म्हटलं. आजोबांना इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला चहा पाजला, आणि या वेळी पाणी उकळलेलं होतं.

दोनच दिवस हातात असतील तर हिल हाउस आणि हंटेरियनमधलं घर बघा, जेवण-चहा विलोला करा आणि आर्ट लव्हर सोडून द्या. पायात वॉटरप्रूफ बूट घाला आणि छत्री मात्र घरी ठेवून जा.